पाल्याची खबर

डबऱ्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना पद्मा घोरपडे हे नाव माहीत नव्हतं. ते तिला ‘खबरवाली बहनजी’ म्हणत. हिवाळ्यात रोज दुपारी तिचा फोन गावातल्या पीसीओवर यायचा. वारा किती, थंडी किती, आभाळ कसं राहील एवढंच ती सांगायची, आणि पीसीओवाला ते चावडीपाशी जमलेल्या लोकांना मोठ्याने ऐकवायचा. पुढे मोबाइल आले आणि फोन थेट शेतकऱ्यांच्या खिशात वाजायला लागला. नाव मात्र तेच राहिलं.

तिचे पूर्वज घोड्यावर बसून दख्खनमधून ग्वाल्हेरला आले होते. वडील, सूर्याजी, गिरणीचा ट्रक चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हा पद्मा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने हिंदी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग शिकून घेतलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दाना ओलीतल्या भाजीपाला उत्पादक संघात चिकटली. संघाचं ऑफिस एका धान्याच्या दुकानाच्या वर होतं. जिना इतका अरुंद, की पहिला कॉम्प्युटर वर न्यायचा तर खोका फोडून त्यातल्या वस्तू सुट्या न्याव्या लागल्या. लग्नाच्या दोन-तीन गोष्टी आल्या आणि गेल्या. वडील वारल्यावर घरात ती आणि आई विजयाबाई अशा दोघीच उरल्या, आणि त्याबद्दल पद्माने कधी कुणापाशी फारशी तक्रार केली नाही.

ग्वाल्हेरच्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं नव्हेत. इथल्या हिंदीतला तो शब्द मराठी घरांनीही कधीचाच उचलला. जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र होतं, वारा पडतो आणि पहाटे शेतावर दवाचं बर्फ होऊन पांढरी पूड पसरते, तो पाला. बटाटा, टोमॅटो, तूर यांना तो एका रात्रीत काळं करून टाकतो. नगरहून आलेल्या मामेबहिणीला पद्मा एकदा म्हणाली, “काल पाला पडला, सगळं गेलं,” तर ती बिचारी अंगण झाडायला केरसुणी घेऊन उठली होती. पण पाल्यावर इलाज असतो. आधी कळलं तर संध्याकाळी पिकाला हलकं पाणी द्यायचं आणि वाऱ्याच्या बाजूला बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. सगळी मदार आधी कळण्यावर.

हवामान केंद्राचं बुलेटिन संघाकडे पूर्वी फोनवर यायचं, नंतर ई-मेलने येऊ लागलं. पद्मा ते वाचायची आणि गावांना कळवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

मग विलीनीकरण आलं. दतिया-भांडेरकडच्या बियाणे उत्पादकांचा दुसरा एक संघ होता. वरून हुकूम निघाला की दोन्ही संघ एक करा. दाना ओलीतलं ऑफिस बंद झालं आणि सिटी सेंटरमध्ये, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, नवं ऑफिस थाटलं. तिथे लिफ्ट होती आणि काचेची दारं होती. व्यवस्थापक म्हणून दुसऱ्या संघाचे लक्ष्मीकांत टेंबे आले. टेंब्यांच्या घरात पूर्वी दरबारची पुरोहितकी होती. हे स्वतः इंजिनीअर, पन्नाशीचे, कमी बोलणारे. जुन्या संघाची माणसं एका बाजूला बसत, नव्याची दुसऱ्या बाजूला, आणि चहासुद्धा दोन वेगवेगळ्या टपऱ्यांवरून येई. पद्माला कॉम्प्युटर आणि सगळं टपाल सांभाळायचं काम मिळालं, त्यामुळे तिला दोन्हीकडे जावं लागे.

संघाला नवा ई-मेल पत्ता मिळाला. जुना पत्ता मात्र बंद करता येत नव्हता, कारण तो बियाण्यांच्या पिशव्यांवर, पत्रकांवर, सगळीकडे छापलेला होता. म्हणून जुन्या पत्त्यावर आलेलं सगळं आपोआप नव्या पत्त्यावर जाईल अशी सोय केली. त्याबरोबर जुन्या पत्त्यावरचा कचराही आला. लॉटऱ्या, औषधं, परदेशातल्या राजपुत्रांचे वारसे. रोज सकाळी पेटी उघडली की पद्मा तासभर नुसतं पुसत बसायची.

“एक तरकीब आहे,” टेंबे एक दिवस म्हणाले. “आपण अनोळखी माणसाचं पत्र आत घ्यायचंच नाही. आधी त्याला उलट पत्र जाईल, की बाबा, तू खरा माणूस असशील तर या पत्राला नुसतं उत्तर दे. उत्तर आलं की पत्र आत, आणि तो माणूस कायमचा ओळखीचा. कचरा पाठवणारं यंत्र उत्तर देत नाही.”

“आणि उत्तर नाही आलं तर?”

“तोवर पत्र बाहेर, राखीव पेटीत. काही दिवसांनी आपोआप नष्ट.”

पद्माला कल्पना आवडली. तिने टेंब्यांबरोबर बसून ती व्यवस्था लावली. ओळखीच्यांची यादी केली, हवामान केंद्राचा पत्ता त्यात सगळ्यात वर घातला. पहिल्या दिवशी पेटी इतकी स्वच्छ होती, की तिला वाटलं इंटरनेटच बंद पडलं आहे.

कुरबुरी लगेच सुरू झाल्या. संचालक महिपतराव यांनी मुलीच्या पत्त्यावरून पत्र पाठवलं, तर त्यांना उलट विचारणा गेली. फूलबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं. “चाळीस साल मी संघात आहे, आणि मला विचारतात तू माणूस आहेस का!” पद्मा त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, माफी मागून आली. मग भोपाळच्या महासंघाचं एक परिपत्रक आलं. ते सगळ्या जिल्हा संघांच्या सामाईक पत्त्यावर टाकलेलं होतं. ग्वाल्हेरच्या यंत्राने इमानाने त्या सामाईक पत्त्यालाच विचारलं की आपण खरे माणूस आहात का, आणि तो प्रश्न सगळ्या जिल्ह्यांना मिळाला. चार दिवस निरनिराळ्या गावांहून फोन येत होते. सागरचे एक गृहस्थ म्हणाले, “हां जी, आदमी हैं, आप बताइये क्या सेवा करें?” टेंबे पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा.

खरी गडबड जुन्या पत्त्याची झाली. जुन्या पत्त्यावरून पुढे सरकणारं प्रत्येक पत्र असं यायचं, की जणू कुणी मूळ पाकीट फाडून पत्र नव्या पाकिटात घातलं आणि पाठवणारा म्हणून स्वतःचंच नाव लिहिलं. यंत्राला आतलं दिसत नसे, पाकीट दिसे. त्याने जुन्या पत्त्याला विचारलं, तू कोण? जुन्या पत्त्याने सवयीप्रमाणे तो प्रश्नच पुढे, नव्या पत्त्याकडे, सरकवला. यंत्राने त्या प्रश्नालाही विचारलं, तू कोण? सोमवारी सकाळी पेटी या सवाल-सवालांनी ठासून भरली होती.

जुना पत्ता ओळखीचा करून टाकावा, तर सगळा कचरा त्याच दाराने आत येणार. म्हणून पद्माने मधला मार्ग काढला. जुन्या पत्त्यावरून येणाऱ्याला काही विचारायचं नाही, नुसतं राखीव पेटीत ठेवायचं. रोज दुपारी ती स्वतः त्या पेटीतून कामाची पत्रं वेचून काढायची. केंद्राचं यंत्र आपोआप पाठवायचं ते हवामानाचं बुलेटिन अजून जुन्याच पत्त्यावर यायचं, त्यामुळे तेही तिथेच सापडायचं. यादीत केंद्राचं नाव होतं खरं, पण पाकिटावर ते नाव नसल्यामुळे यादीचा उपयोग होत नव्हता. पत्ता बदलून घ्या असं तिने केंद्राला लिहिलं होतं. तसं होईलच, पण सरकारी कामाला वेळ लागतो. हे वेचण्याचं काम टेंब्यांपासून लपवावं असं तिच्या मनात नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंच तिला वाटलं नाही. घरात कुणी रोज विरजण लावतं, ते जाहीर थोडंच करतं?

जानेवारीत विजयाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पद्माने शुक्रवार-शनिवारची रजा घेतली. थंडी होती, पण बोचरा वारा सुटलेला होता, आणि वारा असला की पाला पडत नाही.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यात आईला पेज भरवत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला. डबऱ्याकडचे दौलतसिंह होते. त्यांचा बटाटा मोठा, आणि गावात त्यांच्या शब्दावर चार लोक चालत.

“बहनजी, आज की खबर?”

“मी रजेवर... मैं छुट्टी पे हूँ, दाऊ. ऑफिस से फोन नहीं आया?”

“न कल आया, न आज. और हवा बंद हो गई है. आसमान बिलकुल काँच जैसा है. मुझे ठीक नहीं लग रहा.”

पद्माच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने ऑफिसला फोन लावला. टेंबे स्वतः बोलले.

“बुलेटिन आलं नाही, पद्माताई. मी पेटी सकाळपासून दोनदा पाहिली. सकाळीच केंद्राला फोनही केला होता, लाइन लागत नाही. आलं नाही म्हणजे विशेष काही नसेल असं मी धरून चाललो.”

“राखीव पेटी बघितली का, साहेब?”

“राखीव पेटीत तर कचरा असतो ना?”

तिने फोन ठेवला. शेजारच्या शांताताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना आईपाशी बसवलं. “जा, पद्मे, मी काही लहान नाही,” विजयाबाई पट्टीखालून म्हणाल्या. बाहेर येऊन तिने टेम्पो पकडला. टेम्पो प्रत्येक चौकात थांबत होता, ड्रायव्हर माणसं कोंबत होता, आणि ती मांडीवरच्या पर्सचा बंद वळत आणि उलगडत बसली होती.

राखीव पेटीत दोन्ही बुलेटिनं होती, शुक्रवारचं आणि शनिवारचं. शनिवारच्यात लिहिलं होतं की आज रात्री ग्वाल्हेर आणि दतिया जिल्ह्यांत पाला पडण्याची दाट शक्यता आहे. वर लॉटरी, खाली वजन कमी करण्याचं औषध, आणि मध्ये हे.

टेंबे तिच्या मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी कुणाची चूक ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “उजेड किती वेळ आहे?”

“दीड-दोन तास.”

“वाटून घेऊ.”

डबऱ्याकडची गावं तिच्याकडे होती. त्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते आणि तिकडच्या लोकांना तिचा आवाज ओळखीचा होता. एकाला सांगितलं की तो पुढच्या चौघांना सांगे. दौलतसिंहांनी तर अर्ध्या बोलण्यातच फोन ठेवला. ठेवतानाच ते कुणाला तरी पंप सुरू करायला ओरडून सांगत होते. सूर्य बँकेच्या पाट्यांमागे गेला तोवर तिची गावं संपली होती.

टेंब्यांच्या बाजूचं तसं नव्हतं. त्या संघात शेतकऱ्यांना फोन करायची पद्धतच नव्हती. सूचना ई-मेलने शाखेत जायची, शाखा ती फळ्यावर लावायची, आणि शनिवारी दुपारनंतर शाखा बंद. टेंब्यांपाशी शाखाधिकाऱ्यांचे नंबर होते, शेतकऱ्यांचे नव्हते. एक अधिकारी लग्नाला गेलेला, एकाचा फोन लागेना. शेवटी टेंब्यांनी आपली मारुती काढली आणि दतियाच्या रस्त्याला लागले. वाटेत ज्या ज्या गावात सभासद होते तिथे थांबून, पानाच्या ठेल्यावर, देवळापाशी, भेटेल त्याला सांगत गेले. पण गावं बरीच होती आणि गाडी एक.

सकाळी डबऱ्याकडून निरोप आला की बांधावर धूर होता, पिकं उभी आहेत. कडेची पानं करपली तेवढीच. भांडेरच्या बाजूच्या दोन गावांत टेंबे पोचू शकले नव्हते. तिथली तूर आणि टोमॅटो काळे पडले होते.

बैठक झाली ती अपेक्षेप्रमाणेच. जुन्या संघाचे म्हणाले, नव्यांनी यंत्र आणलं म्हणून हे झालं. नव्यांचे म्हणाले, दाना ओलीचा जुना पत्ता गळ्यात घेतला म्हणून झालं. महिपतराव टेबलावर हात आपटून म्हणाले, “ते यंत्र आजच्या आज बंद करा. ज्याला आपली माणसं कळत नाहीत ते काय कामाचं!”

“बंद करूया,” टेंबे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “मीच आणलं, मीच काढतो.”

पद्माला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. ती कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसली होती. ती म्हणाली, “बंद केलं तर परत रोज तेवढाच कचरा येणार. दोन वर्षांपूर्वी याच कचऱ्यात एक बुलेटिन माझ्या हातून पुसलं गेलं होतं. तेव्हा पाला पडला नाही म्हणून कुणाला माहीत पडलं नाही. यंत्राने अनोळख्याला अडवलं यात खराबी नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्यालाही अडवलं, ही खराबी आहे.”

मग टेंबे हळूहळू म्हणाले, “आणि अडवलं चुकीच्या दारात. पत्र जुन्या पत्त्यावर येतं तेव्हा पाकीट मूळचं असतं. ओळख तिथेच पटवायला हवी. पुढे सरकल्यावर नाही.”

पुढचे काही दिवस दोघं एकाच टेबलावर बसले. चाळणी जुन्या पत्त्याच्या दारात नेऊन बसवली. तिथून निवडून पुढे आलेल्या पत्राला नव्या दारात पुन्हा अडवायचं नाही असं ठरवलं. केंद्राच्या बुलेटिनसाठी एक वेगळाच पत्ता काढला. तो कुठे छापायचा नाही, फक्त केंद्राला द्यायचा, आणि त्यावर आलेलं काहीही न विचारता आत घ्यायचं. सामाईक पत्त्यावरून येणारी परिपत्रकं पाठवणाऱ्यावरून नव्हे, तर कोणत्या पत्त्यावर टाकली आहेत त्यावरून ओळखायची. यंत्राने यंत्राला प्रश्न विचारायचा नाही. टेंब्यांना एक गोष्ट सुचायची, तिने ती करून बघितली की दुसरी अडचण निघायची. अनेकदा तिचं म्हणणं चुकायचं, अनेकदा त्यांचं. राखीव पेटी रोज दोघांनी वेगवेगळी बघायची असाही नियम केला. एक दिवस चहा एकाच टपरीवरून आला आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

यानंतर पद्मा भांडेरला गेली. जायची गरज नव्हती. शाखेने पंचनामे केले होते. टेंबे म्हणाले, “मी येतो बरोबर.” ती म्हणाली, “नको, साहेब. तुम्ही आलात तर ते तुमच्याशीच बोलतील.” ती बसने गेली.

ज्यांची तूर गेली त्यांच्यात शिवाजीराव म्हणून एक मराठा शेतकरी होते. त्यांचंही घराणं कधीकाळी फौजेबरोबर आलेलं आणि इथलंच झालेलं; घरात बुंदेली बोलायचे, मराठी मोडकीतोडकी. त्यांनी तिला शेत दाखवलं. तुरीची झाडं उभीच होती, पण शेंगा काळ्या आणि हाताला लागल्या की चुरा होत होत्या. शिवाजीरावांनी एक शेंग सोलली, आतला दाणा बघितला आणि टाकून दिली.

“खबर आली होती म्हणतात,” ते म्हणाले.

“आली होती. आमच्या यंत्राने ती थांबवून ठेवली. आणि थांबलेलं बघायचं काम माझं होतं. मी त्या दिवशी नव्हते.”

“थांबवली का?”

“अनोळखी वाटली. मग विचारायचं असतं, की कोण आहात.”

“तर विचारलं नाही?”

“विचारून उपयोग नव्हता. तिकडेही यंत्रच. ते उत्तर देत नाही.”

शिवाजीरावांनी हाताला लागलेला काळा चुरा झटकला. मग म्हणाले, “आम्हाला विचारलं असतं तर आम्ही दिलं असतं उत्तर.” रागाने म्हणाले असते तर पद्माला सोपं गेलं असतं. ते रागावलेले नव्हते. त्यांनी तिला घरी नेलं, बायकोने गरम दूध दिलं. निघताना तिने त्यांचा मोबाइल नंबर मागितला. त्यांच्यापाशी मोबाइल नव्हता. गावात कुणाकुणापाशी आहे ते त्यांनी आठवून आठवून सांगितलं, आणि संध्याकाळची बस यायच्या आत ते दोघं घरोघर जाऊन आले. एका घरात तर नंबर कुणालाच पाठ नव्हता. पद्माने त्यांच्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल दिला.

तो हिवाळा संपेपर्यंत ती सुट्टीच्या दिवशी अशीच एकेका गावी जात राहिली. नव्या बाजूच्या गावांनाही मग दुपारी तिचे फोन जायला लागले. पुढे केंद्राने पत्ता बदलला, जुना पत्ता कायमचा बंद झाला. आणखी काही वर्षांनी संघाने ई-मेलची सगळी व्यवस्था एका मोठ्या कंपनीकडे दिली. त्या कंपनीकडे कचरा ओळखायची स्वतःची रीत होती, अनोळख्याला काही विचारावं लागत नसे. ती जुनी चाळणी एका दुपारी पद्मानेच बंद केली. त्यात फार वेळ गेला नाही.

विलीनीकरण काही टिकलं नाही. पुन्हा वरून हुकूम निघाला, की जिल्ह्यांप्रमाणे संघ वेगळे करा. टेंब्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. कर्मचाऱ्यांना विचारण्यात आलं की कुणाला कुठे जायचं. ग्वाल्हेरचे ग्वाल्हेरमध्येच राहणार हे उघड होतं; कागद फिरला तो नावापुरता. पद्माने दतिया लिहिलं.

टेंब्यांनी तिला खोलीत बोलावलं. “चुकून तर नाही ना लिहिलं, पद्माताई? तुमचं घर दाना ओलीत. आईंचं वय झालं.”

“आई येते म्हणाली. तिला तिकडचं मंदिर बघायचंच होतं.”

“पण का? इथे सगळं बसलेलं आहे.”

“म्हणूनच तर,” पद्मा म्हणाली. “इथे मी नसले तरी दौलतसिंह दाऊ स्वतः फोन करून विचारतील, खबर काय. तिकडच्या लोकांना अजून विचारायची सवय नाही.”

टेंब्यांनी कागदावर सही केली. मार्चमध्ये मायलेकी टेम्पोत सामान टाकून दतियाला गेल्या. शाखेच्या मागेच दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या जानेवारीत एका दुपारी पद्मा यादीवरच्या पहिल्या गावाला फोन लावायला बसली, तर तिच्या आधी तिचाच फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी बाई होती, भांडेरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावची. तिने बुंदेलीत विचारलं, आज हवा कैसी रैहै, म्हणजे कशी राहील. पद्माने आधी तिला सांगितलं, आणि मगच नाव विचारून यादीत लिहून घेतलं.